पावणेतीन फूट

मंगळवारी पहिला आला, जिगर पारेख.
बूट न काढताच हॉलच्या मधोमध उभा.
भिंतीवर एक लाल ठिपका सोडला,
मापं आपली आपण फोनात जाऊन पडली.
"सव्वा कोटी मागू, काकी."
शेजारच्या भट्टांचं टेनामेंट दिवाळीत नव्वदला गेलं.
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.
वरातीत कुणी नोटा उधळावा तसा भाव उधळत होता,
नोटा दुसऱ्याच्या.

गुरुवारी अवचट.
"आपण दक्षिणी माणसं," म्हणाले,
आणि दांडिया बाजारातलं कोण कुणाचं
हा गुंता अर्धा तास सोडवत बसले.
माझ्या मावसदिराची मुंज त्यांना तारखेसकट पाठ.
तीन पोहे-बश्या झाल्या, घर बघायचं राहिलंच.
चपला घालताना म्हणाले,
दलालीचं काय, आपल्यात कसलं ठरवायचं,
नंतर बघू.
ह्यांना माणूस फार आवडला.
मी छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलीत,
'नंतर बघू'ला मी ओळखते.

शनिवारी ॲक्टिव्हा लावून तरलिकाबेन बारोट.
पर्समध्ये शिंप्याची टेप, एक वही.
चहा नको, पाणी द्या.
पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि विचारलं,
"तुमच्याकडे कुठवर आलं होतं?"

फ्रिज ऐकू यायला लागला.

ऑगस्टात विश्वामित्री सोसायटीत शिरली तेव्हा
तीन दिवस आम्ही वरच्या खोलीत होतो,
गॅसची शेगडी, औषधांचा डबा, ह्यांचा रेडिओ.
समोरच्या पायरीवर एक मगर ऊन खात पडलेली,
तिचा फोटो मुलीनं सगळ्या गोतावळ्यात फिरवला.
मग पाणी गेलं. मग पुट्टी आली.
मग दोन हात बदामी रंग,
आणि त्याच्यावर कपाट.

खरं सांगते,
गेला महिनाभर मी दलाल शोधत नव्हते.
एक तोंड शोधत होते
जे माझ्याऐवजी म्हणेल, छे हो, इथे कुठलं पाणी!
दोन टक्के त्याचेच तर द्यायचे होते.
खोटं त्याचं, सही माझी,
आणि मांजलपूरच्या लिफ्टवाल्या फ्लॅटात
झोप दोघांचीही शाबूत.

"मी लपवत नाही," तरलिकाबेन म्हणाल्या.
"गिऱ्हाईक आलं की पहिलं हेच सांगते.
नाहीतर शेजारी सांगतात, तेही चहा पाजून.
नव्वद विसरा. ब्याऐंशी.
विजेचा मीटर वर चढवलात ना, तो दाखवू.
एक टक्का घेते, आज लिहून देते."

हे उठून आत गेले.
आठ लाख म्हणजे नव्या घराचं अख्खं स्वयंपाकघर,
आणि वर गाडीची जागा.
मी म्हटलं, विचार करते.
करा, म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.
बाहेर भाजीवाला दोनदा ओरडून गेला.
मग मीच पदर खोचला.

कपाटाला दोघी लागलो.
मागे, बदामीच्या आतून, क्षार फुलून
रेघ पुन्हा वर आलेली,
चहा वाळलेल्या कपात असते तशी.

पुण्याच्या नणंदेला आम्ही सांगितलं होतं,
पाच फूट! अगं, छातीपर्यंत!
गिऱ्हाइकाला सांगणार होतो, काहीच नाही.
तरलिकाबेन वाकल्या, चष्मा कपाळावर,
टेपेचं टोक मला धरायला लावलं फरशीवर.

"पावणेतीन."

आतून ह्यांचा आवाज आला, "तीन होतं!"

वहीत त्यांनी पावणेतीनच लिहिलं.